पेढ्यांचा डबा

तेल्हाऱ्याचे चिंतामण वकील तीनदा नगरसेवक झाले आणि तिन्ही वेळा निकालाचे पेढे त्यांनी देवळाच्या गल्लीतच वाटले. गल्ली आपली. दर निवडणुकीत तिथं घरोघरी चहा पिऊन, कापसाला भाव मिळवून देतो असा शब्द ते देऊन यायचे. मागच्या मोहल्ल्यात मात्र कधी पाऊल टाकलं नाही. ते लोक आपल्याला मत देणार नाहीत, हे काय विचारायला जायचं?

यंदा मतदार वाढले म्हणून एका बूथचे दोन झाले. गल्लीचा वेगळा, मोहल्ल्याचा वेगळा. वकील चौथ्यांदा निवडून आले. गल्लीत एकतीस मतं, मोहल्ल्यात चारशे बारा.

आकड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून ते दोनदा जाऊन विचारून आले. झाली नव्हती. पेढ्यांचा डबा घेऊन ते बराच वेळ चौकात उभे राहिले. मग जन्मात पहिल्यांदा मोहल्ल्यात शिरले. पहिल्याच दारात, गल्लीतल्या घरांच्या गोधड्या शिवून देणारी जैनबबी गोधडीला टाके घालत बसली होती.

"जैनबबी, मले तुमी मत देत होते?"

"पहिल्यापासून, वकीलसाब."

"पण काहून? मी तं कधी मांगालेही आलो नाही."

"म्हणूनच तं," तिनं दातानं दोरा तोडला. "बाकीचे सारे येऊन, कापसाले भाव आणून देतो म्हणून शब्द देऊन जात होते. आमच्याशी खोटं नाही बोलले, असे तुमी एकटेच."