पिवळा दिवा

“काकू, मेलेली गाडी आहे ही. भंगारात घाला,” म्हणत वाईहून आलेल्या तिसऱ्या गिऱ्हाइकाने किल्ली माझ्या हातावर आपटली. पाचगणीच्या सकाळच्या थंडीत त्याने माझ्या क्वालिसला दहा वेळा स्टार्टर मारला होता.

“बरं,” म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं. आधीचे दोघेही असेच, बसल्याबरोबर किल्ली फिरवणारे.

टोयोटाने क्वालिस बनवायचं थांबवलं त्याला वीस वर्षं झाली. माझी अजून थांबलेली नाही. तिच्यातून टुरिस्ट घेऊन मी पसरणी घाट इतक्यांदा उतरले, की वळणं हातांना पाठ आहेत. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून विकायची. पण कुणालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलारची तेजस्विनी आली. तिला स्ट्रॉबेरी वाहायला गाडी हवी होती. सीटवर बसली, किल्ली अर्धीच फिरवली आणि हात मांडीवर ठेवून थांबली.

“काय झालं गं?” मी मुद्दाम विचारलं.

“पिवळा दिवा विझू दे की, काकू. गार डिझेल इंजिनाला आधी ऊब लागते. आमच्या अण्णांचीपण क्वालिसच होती.”

डॅशबोर्डवरचा दिवा विझला. तिने किल्ली पुढे फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

“घाटातून एक चक्कर मारून बघू का, काकू?”

“मार की. माझं बघून झालंय,” मी म्हटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत डावीकडच्या सीटवर बसले.