गादीखालचा फोन

गादीखाली काहीतरी थरथरलं, म्हणून शमसुन्निसाने हात घातला. फोन. पुढच्या खोलीतली ही गादी. रात्री तिथे शमसुन्निसाचा मुलगा आकिब झोपायचा, दुपारी कूलरची हवा खात नवरा खुर्शीद.

तिचा चष्मा शिलाई मशीनवर नव्हता, खिडकीतही नव्हता. निरोप तसाच वाचला.

"मागच्या पार्टीत नशेत कंडोम राहून गेला म्हणालात. तपासणीला केंद्रावर या. सुई ज्याची त्यानेच वापरायची. एचआयव्ही होऊ नये म्हणून दिलेली गोळी चुकवू नका. मी रागावणार नाही. नूतन."

रागवायला शमसुन्निसा होती. आकिब जेवत होता. त्याच्यापुढचं ताट तिने ओढून घेतलं.

"कोण होय ही नूतन? पोराले सुया शिकवते, अन् वरून रागावत नाई म्हणते!"

आकिबने फोन पाहिला. मग बापाकडे पाहिलं. खुर्शीद चष्मा पुसत बसला होता.

"शिकवत नाई, अम्मी. माणूस मरू नये म्हणून सांगते."

"म्हणजे तुले सगळं माहीत आहे!"

"काढ त्याले बाहेर!" खुर्शीद उठून गरजला. "साऱ्या माजरी गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली. अन् आण तो फोन इकडे, फोडतो."

"फोडू नका, अब्बा." आकिब मधे आला. "गोळीची याद तोच देते."

"पाहा, लाज आहे का याले!" खुर्शीद म्हणाला, पण भिंतीकडे पाहून.

शमसुन्निसाने पोराचे कपडे बॅगेत कोंबले आणि बॅग त्याच्या अंगावर फेकली. मग त्याचा टॉवेलही फेकला. दुसऱ्याचा त्याला चालत नसे.

उंबऱ्यात तो थांबला. "अम्मी, तू पण तपासून घे."

"मी काऊन? मी काय केलं?" तिची चप्पल दारावर आदळली. तो गेला होता.

आता त्या नूतनची पाळी. शमसुन्निसा फोन घेऊन मशीनपुढे बसली. लिहायचं तर चष्मा हवाच. तो कापडाच्या घडीत सापडला. नाकावर चढवला, तशी अक्षरं अंगावर आली. एकेक चिंचोक्याएवढं.

आकिबच्या फोनवरची अक्षरं मुंगीएवढी असायची. त्यातली एक ओळ तिला कधी वाचता आली नव्हती, चष्मा लावूनसुद्धा.

तिने मान वर केली. घरात चष्मा लागणारं दुसरं एकच माणूस होतं, आणि ते फोनसाठी अजून हात पुढे करून उभं होतं.