तिसरी फेरी

माइक हातात घेण्याआधी तिनं ओठातल्या ओठात घोकलं: गाडी. विमान नाही, बाई, गाडी!

अकरा वर्षं याच दोन शहरांमध्ये ती विमानातून चहा-कॉफी देत फिरली. मग ही वेगवान रेल्वेगाडी आली, अडीच तासांत थेट शहराच्या मध्यावर नेऊन सोडायला लागली आणि विमानं बघता बघता रिकामी पडली. करते काय? तीही गाडीवर आली. पण जिभेला कोण समजावणार? चाचणीच्या पहिल्या फेरीत ती म्हणाली, "आपण तीस हजार फुटांवर आहोत." दुसरीत आपत्कालीन दरवाजे पंखांजवळ दाखवले. डबाभर हशा. आज तिसरी फेरी, शेवटची. चुकली की घरी. सकाळी लेकीनं दारातून बजावलंसुद्धा होतं, "आई, आज जमिनीवर राहा हं!"

परीक्षक पहिल्याच रांगेत बसला होता. पिकल्या केसांचा, घुमा माणूस. मांडीवर तिच्या गुणांचा कागद, त्यावर उघडं पेन. चहा विचारला तर नुसती मान हलवली.

गाडी उंच पुलावर चढली आणि तिनं बाहेर पाहिलं. अगं बाई! खाली धुकंच धुकं. शेतं नाहीत, रस्ते नाहीत, सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यावर कोवळं ऊन सांडलेलं. ना खडखडाट, ना धक्का. पोरं काचेला नाक लावून गप्प झाली होती. हेच तर ती रोज सकाळी बघायची! किती दिवसांनी तिला असं हलकं हलकं वाटलं. आवाज आपोआप मऊ झाला, आणि माइकचं बटण कधी दाबलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"प्रवासी मित्रहो, थोड्याच वेळात आपण खाली उतरू. कृपया सीट बेल्ट बांधून घ्या."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मेले मी! गेली नोकरी. आता लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं? भरल्या डोळ्यांनी तिनं परीक्षकाकडे पाहिलं.

तो एकटक खिडकीबाहेर बघत होता. आणि त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चाचपत होते. डावीकडे काही लागेना, उजवीकडेही लागेना. मग तो एकदम भानावर आला. दोघांची नजरानजर झाली. त्याचे कान लाल झाले.

"तुम्हीपण?" तिनं हळूच विचारलं.

"सत्तावीस वर्षं. कॉकपिटमध्ये."

त्यानं पुन्हा एकदा त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावत म्हणाला, "हं, करा अनाउन्समेंट. मी अजून काहीच ऐकलेलं नाही."