माती न झालेला स्तामाटिस

लिनार्दोसनं कबरीतल्या शवपेटीची फळी उचलली, आत डोकावलं आणि फळी परत ठेवली.

"काय झालं?" कलिओपीनं विचारलं. मेलेल्याची ती थोरली बहीण.

"काही नाही. म्हणजे काहीच झालेलं नाही," लिनार्दोस म्हणाला. तीस वर्षं तो या कबरी खणत होता आणि उघडत होता. "माणूस आहे तसाच आहे."

एर्मुपोली या ग्रीक बंदराच्या दफनभूमीत जागा कमी आणि मरणारे नियमित. म्हणून तीन वर्षांनी कबर उघडायची, हाडं वाइननं धुवायची, पेटीत भरून मागच्या खोलीत ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. स्तामाटिससाठी वाइन आणली होती, पत्र्याची पेटी आणली होती, पेटीवर नावही रंगवून घेतलं होतं. स्तामाटिस मात्र हाडं व्हायला तयार नव्हता.

"चिकणमाती आहे," लिनार्दोस म्हणाला. "पाण्याचा निचरा होत नाही. या ओळीत होतं असं कधीकधी."

"मातीवर कशाला ढकलतोस? तळतळाट आहे हा," कलिओपी म्हणाली. "कुणीतरी त्याला माफ केलेलं नाही. एरवी माती माणसाला नाही म्हणत नाही."

कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती. स्तामाटिसची एकुलती मुलगी अर्जिरो समोरच उभी होती. सकाळच्या बोटीनं पिरेउसहून आली होती, चारच्या बोटीनं परत जाणार होती. तिनं वरच्या वस्तीतला कॅथलिक नवरा निवडला, म्हणून ऑर्थोडॉक्स बापानं तिला घराबाहेर काढलं, त्याला बावीस वर्षं झाली. ती बापाच्या मातीलाही आली नव्हती. आज बंदरावर उतरली, संगमरवरी पायऱ्या चढली, ज्या घरात वाढली त्याच्या दारावरून गेली. आत काही हललं नाही. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल होतो, तशी ती सकाळपासून होती.

"म्हण, बये," कलिओपी म्हणाली. "बाबा, मी तुम्हाला माफ केलं. तीनदा म्हण आणि सोड त्याला."

अर्जिरो वाकली. तिनं तीनदा म्हटलं. तिकीटखिडकीवर गावाचं नाव सांगावं, तसं.

"हे असं? अगं, मनापासून म्हण की! मासळी घेतानासुद्धा माणूस याहून जीव लावून बोलतो."

अर्जिरोनं मनात शोधलं. राग सापडला असता तर काढून टाकला असता. दुःख सापडलं असतं तर रडली असती.

"आत्या, त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे खरंच काही नाही," ती म्हणाली. "काही उरलेलंच नाही."

"ऐका! ऐका कशी बोलते!" कलिओपीनं दोन्ही हात आभाळाकडे नेले. "आणि तुझी आई बघ. तीन वर्षं अंगावर काळं, एक शनिवार चुकवला नाही. कबरीशी तास तास बोलत बसते बिचारी. शीक काहीतरी तिच्याकडून!"

आई, फ्रोसो, आतापर्यंत वाइनची बाटली धरून उभी होती. तिनं बाटली खाली ठेवली.

"पोरीला छळू नका, वन्सं. तिच्यामुळे नाही हे."

"मग कुणामुळे?"

"तिचं घर गेलं, तिनं दुसरं केलं. माझी मुलगी गेली. मी दुसरी कुठून आणायची?" फ्रोसोनं आवाज चढवला नाही. "दर शनिवारी येऊन त्याला हेच विचारते."

कलिओपीचे हात वरच राहिले. अर्जिरोनं आईकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच नीट. आईचा चेहरा कोरा होता, थेट तिच्या स्वतःच्या चेहऱ्यासारखा.

लिनार्दोसनं खोरं हातात घेतलं. कुणाचं कुणावर काय आहे, हे त्याच्या कामात बसत नव्हतं. वर्षं बसत होती.

"मग, फ्रोसोबाई? बुजवून घेतो. दोन वर्षांनी परत उघडू?"

फ्रोसोनं कबरीकडे पाहिलं. मनाशी अंदाज घेतला.

"दोन पुरायची नाहीत," ती म्हणाली. "पाच धर."