टायमीमावशीचं मीठ

आमच्या फिनलंडमध्ये दारूबंदी आली तेव्हा टायमीमावशीकडे फक्त गळकी होडी होती; तेरा वर्षांनी दारूबंदी उठायच्या दिवशी बेटावरचं एकमेव दुमजली घर तिचं होतं. तिचे शेवटचे दारूचे डबे धक्क्यासमोर बुडवलेले आहेत, हे कस्टम्सच्या ओस्करीला माहीत होतं, म्हणून तो तीन दिवस तिथेच खुर्ची टाकून बसला होता. डब्यांना मिठाचं पोतं आणि लाकडी ठोकळा बांधलेला असतो. मिठाच्या वजनाने सगळं तळाशी राहतं; मीठ विरघळलं की डब्यांची जागा दाखवायला ठोकळा वर येतो. त्या दिवशी सकाळी दहाला बंदी उठणार होती. त्याआधी ठोकळा वर आला, तर मावशीला तुरुंग. ठोकळा वर आला दहा वाजून दोन मिनिटांनी. ओस्करीने टोपी काढली. “मानलं तुला, टायमी. इतका नेमका हिशोब कसा जमवलास?” “हिशोब कसला, मेल्या? घरातलं सगळं मीठ पोत्यात भरलं. तीन दिवस माझं अळणी सूप ओरपतोयस, एकदा तरी मीठ मागितलंस का?”