मागची शिवण

बाथरूममधला पाण्याचा आवाज बंद व्हायच्या आत तिला नवऱ्याच्या पँटची मागची शिवण उसवून पुन्हा शिवायची होती. हे काम तिने याआधी एकदा केलं होतं. तेव्हा गंमत वाटली होती. आज मात्र ब्लेड बोटालाच लागतंय की काय, असं झालं होतं. कारण आज डॉक्टरकडे जायचं होतं, आणि तिथला वजनकाटा काही तिच्या बाजूचा नव्हता.

नवरा शिंपी. गिऱ्हाईकं त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून चिडली की तीही मास्तरच म्हणायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. मास्तर कापड कापायचे, ती काज-बटणं आणि हातशिलाई बघायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रक्तातली साखर आता डोळ्यांवर उतरायला लागलीय, खाणं बदला, वजन उतरवा, नाहीतर नजर जाईल. तशी ती जायलाच लागली होती. खडूची रेघ पुसून पुन्हा मारावी लागे. सुई ओवायची झाली की मास्तर दुसरीकडे बघत ती हळूच तिच्याकडे सरकवत. पण कोपऱ्यावरच्या बेकरीतले क्रीमरोल काही सुटेनात.

तिने काय काय केलं नाही. रागावली, रडली, अबोला धरला. अबोला मास्तरांना चांगलाच मानवला, त्या शांततेत रोज एक रोल जास्त गेला. काकडीची फुलं कापून ताटात मांडली, तर त्यांनी विचारलं, आज कुणाचं लग्न आहे? उकडलेला कोबी पुढे आला की म्हणायचे, गवत खाऊन माझा बैल झाला तर कापड कोण कापणार? कंबर तरी मोजू द्या म्हटलं, की टेप गळ्यात अडकवून मोकळे. शिंप्याने स्वतःचं माप घेतलं की गिऱ्हाईक रुसतं म्हणे.

मग तिला युक्ती सुचली. मास्तरांची तपकिरी पँट इतकी घट्ट झाली होती, की बटण लावताना श्वास धरावा लागे. एका सकाळी ते आंघोळीला गेले आणि तिने मागची शिवण उसवली. आत दुमडून ठेवलेलं जादा कापड बोटभर मोकळं केलं, घाईघाईत टाके घातले, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कोबी चिरायला बसली. मास्तरांनी पँट चढवली. बटण सरळ लागलं. ते आरशासमोर उभेच राहिले. कंबरेत अंगठा घालून म्हणाले, ढिली झाली की काय गं? ती म्हणाली, होणारच, परवा अर्धी वाटी कोबी खाल्लात ना. आणि ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोटं बोलण्यात एवढा आनंद असतो हे तिला माहीतच नव्हतं.

त्यानंतर मास्तर बदललेच. दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठून दुकानात जाऊन बसले. रोज पँट चढवली की आतून ओरडायचे, ढिलीये हं. सुरुवातीला तर असे ताठ बसायचे, की खाली पडलेली कात्रीसुद्धा वाकून उचलायचे नाहीत. तिला वाटलं, हलकं वाटायला लागलं की माणसाला ऐट येतेच. कोबी निमूट पोटात जाऊ लागला. संध्याकाळी पावलं बेकरीच्या अलीकडूनच वळून मैदानाकडे जाऊ लागली.

पँट आता कंबरेवर सैल दिसायची, पण तिचा आनंद आटत गेला. आपणच सोडलेलं कापड हे, दुसरं काय? बोटभर कापडाच्या जिवावर माणसाला किती महिने फसवायचं? आज काट्यावर जुनाच आकडा आला, तर मास्तर ताट सरकवतील ते कायमचं. कोबीवरचा विश्वास जाईल, बायकोवरचाही जाईल, आणि मग डोळेही. त्यापेक्षा शिवण होती तिथे आणू आणि निघायच्या आधी आपल्याच तोंडाने सांगून टाकू.

ब्लेड टाक्याखाली गेलं आणि थांबलं.

हे तिचे टाके नव्हते. तिचे होते घाईचे, लांब, वाकडे. हे बारीक होते, एकसारखे, मेण लावलेल्या दोऱ्याचे. आणि शिवण जुन्याच रेघेवर होती. बोटभर कापड पुन्हा आत, जिथल्या तिथे दुमडलेलं.

पाण्याचा आवाज कधी थांबला ते तिला कळलं नाही. मास्तर टॉवेल गुंडाळून दारात उभे होते.

"अहो, ही कधी शिवलीत?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी, तूच ओवून ठेवलेल्या सुईने, बोटांनी चाचपत. तुझा टाका मला कळणार नाही होय? खोट्या मापाची पँट घालून बसवेना मला."

"मग रोज ढिलीये, ढिलीये म्हणत होतात ते?"

मास्तर तिच्याशेजारी खाली बसले. पँटवर ठेवलेली सुई उचलली, दोरा एका झटक्यात ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.

"आधी आधी बटण लावलं की श्वासच घेता येत नव्हता," ते म्हणाले. "पण तू त्या दिवशी इतकी हसली होतीस. मग ती खरोखर ढिली करणं आलंच की."