लाल डगलेवाल्याचा नेम

प्रकाशने बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, पण चाप काही ओढला नाही.

समोर सुयश छाती काढून उभा होता. अबुधाबीतल्या अमेरिकन शाळेत पालकांचं नाटक चाललं होतं: लेक्सिंग्टनची लढाई, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली पहिली चकमक. प्रकाशच्या लेकीच्या, शुभ्राच्या वर्गातल्या निनादचा बाबा सुयश गावरक्षक शेतकरी झाला होता. त्याने गोळी लागल्यावर सरपटत आपल्या दारापर्यंत जायचं आणि बायकोच्या मांडीवर प्राण सोडायचा. बायको होती मृणालिनी. म्हणजे प्रकाशची खरी बायको! प्रकाशला संवाद पाठ होत नाहीत म्हणून लाल डगला चढवून त्याला इंग्रज शिपाई केलं होतं. गोळी त्यानेच घालायची होती.

महिनाभर तालमीत त्याने मुकाट्याने घातली. सुयश दर वेळी जरा जास्तच सावकाश मरायचा. परतताना मृणालिनी गाडीत म्हणायची, "सुयश किती नॅचरल करतो ना!" प्रकाशच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण हात स्टीअरिंगवर असायचे.

आज त्याने ठरवलंच होतं. गोळी नाही तर मरण नाही, आणि मरण नाही तर मांडीही नाही.

बाकीच्या शिपायांचे बार झाले, ठरलेले गावकरी पडले. सुयश उभाच. त्याने भुवया उडवल्या, घसा खाकरला आणि पुटपुटला, "यल्ला यार, लवकर मार ना!" प्रकाश ढिम्म. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. महिन्याभरात पहिल्यांदाच प्रकाशला बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारातली मृणालिनी भूमिका-बिमिका विसरून कळवळून ओरडली, "प्रकाश, अरे मार ना त्याला! माझा सीन जातोय!"

मराठी पालक खो खो हसले. अमेरिकन मुख्याध्यापिकेला ते नाटकातलंच वाटलं. तिने टाळ्या वाजवल्या. प्रकाशने चाप ओढला.

सुयश पडला, सरपटला, पोहोचला. मृणालिनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावरचे केस अलगद मागे सारले. हे तालमीत कधीच नव्हतं.

लढाई इंग्रजांनी जिंकली होती. आता लाल डगलेवाल्यांनी तीनदा जयघोष करायचा होता. कप्तान झालेल्या सदानंदने तलवार उंचावली. पहिल्या रांगेतून शुभ्रा ओरडली, "बाबा, यू वन! चीअर!"

"हुर्रे!" प्रकाश ओरडला. दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने. तिसऱ्यांदा तर टोपी उडवून, घसा फुटेस्तोवर.

मृणालिनीने मान वर करून पाहिलंही नाही.